तारेला टोचलेली पत्रं

हुसेनचाचा मुजावर. लेखाची सुरुवात मी या नावानं करतो आहे, कारण हे नाव मधेच कुठे तरी येऊन गेलं असतं तर मला चैन पडलं नसतं. मी आजऱ्याचा. वडील काजूच्या कारखान्यात भट्टीवर होते, आईच्या बोटांवर काजूच्या चिकाचे काळे डाग कायमचे होते. घरातला पहिला पदवीधर मी. इतिहासात बी. ए. झालो, कोल्हापुरातल्या एका जुन्या ग्रंथालयात लागलो आणि वाटलं, आता टेबलाशी बसायचं आणि नोंदी करायच्या. पहिल्याच आठवड्यात मला मागच्या खोलीत पाठवलं. तिथं हुसेनचाचा पुस्तकांची बांधणी करत बसले होते. त्यांनी वर न बघताच विचारलं,

"शिकलाईस किती?"

"बी. ए."

"बरं. बीए, हात धुऊन ये जा. साबणानं."

तेव्हापासून मी बीए. आई-वडिलांनी ठेवलेलं नाव त्यांनी एकदाही घेतलं नाही. खळ कशी शिजवायची, वाळवीनं खाल्लेलं पान उचलताना श्वास कुठे सोडायचा, कागदाची वीण बोटाला कशी कळते, हे सगळं त्या खोलीत शिकलो. पुढे दप्तरखान्यात जुन्या कागदांच्या दुरुस्तीचं काम मिळालं आणि त्यातच आयुष्य गेलं. आता निवृत्त आहे. घरीच खिडकीजवळ एक टेबल आहे. लोक कागद घेऊन येतात.

या कामाबद्दल बाहेरच्यांचा एक ठरलेला प्रश्न असतो: "नवं करून देता काय?" नवं करत नाही. आहे तो कागद आणखी दोन पिढ्या टिकावा, एवढंच बघतो. त्यासाठी गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ, केसाइतका झिरझिरीत टिश्यू कागद, टीपकागद, भिंग आणि चाचांनी तासून दिलेली बांबूची एक पट्टी लागते. ती पट्टी पस्तीस वर्षं वापरतोय. आमचे शत्रू तीन: वाळवी, पाणी आणि प्रेम. प्रेमापोटी लोक जुन्या कागदाला चिकटपट्टी लावतात, फेविकॉल लावतात आणि आता तर झेरॉक्सच्या दुकानात नेऊन लॅमिनेशन करतात. तापलेल्या प्लॅस्टिकमध्ये एकदा गेलेला कागद बाहेर काढणं म्हणजे भाकरीतून पीठ परत काढणं.

चाचांचा पहिला नियम असा होता: "पयला दिवस नुसतं बघायचं. हात लावायचा न्हाई. पावणा घरात आला की लगीच त्याची पिशवी उघडतोस काय?"

हा नियम मी दोनदा मोडला. पहिल्यांदा मोडला तेव्हा माझ्यासमोर एक म्हातारे पैलवान बसले होते. त्यांच्या वस्तादांनी त्यांना लिहिलेली एक चिठ्ठी त्यांनी आणली होती, तालमीतल्या तेल-मातीनं मळलेली. शाई पक्की असेल तर मळका कागद पाण्यात धुता येतो, धुतल्यावर चांगला टवटवीत होतो. मी शाई तपासली नाही. राखाडी अक्षरं बघून साधी शिसपेन्सिल समजलो. ती कॉपिंग पेन्सिल होती. ही पेन्सिल कोरडी असेतोवर राखाडी दिसते, पाणी लागलं की जांभळी होऊन वाहते. जुनी माणसं तिचं टोक जिभेला लावून लिहायची. ट्रेमधलं पाणी माझ्या डोळ्यांदेखत जांभळं होत गेलं. मी कागद उचलला तेव्हा तो स्वच्छ होता. अगदी कोरा.

पैलवानांनी तो दोन्ही बाजूंनी उलटून बघितला. मग म्हणाले, "पावणं, कागद लई झ्याक झाला की. फकस्त वस्ताद गेलं."

ओरडले असते तर बरं झालं असतं. तेव्हापासून मी टीपकागदाचा ओला कोपरा आधी एका टिंबावर टेकवून बघतो आणि मगच पुढचं काम.

दुसऱ्यांदा नियम मोडला तो गेल्या वर्षी, आणि ही खरी सांगायची गोष्ट आहे.

सुजाता कांबळे नावाची एक बाई आली. कोल्हापुरात दवाखान्यात नर्स आहे. तिनं पिशवीतून जुन्या लुगड्याच्या कापडात गुंडाळलेलं काही तरी काढलं आणि टेबलावर ठेवलं. गुंडाळी सुटली आणि मी खुर्चीतून उठून उभा राहिलो.

ती पत्रांची तार होती. आजच्या मुलांनी ही बघितली नसेल. जाड तार, वर आकडा, खाली लाकडी चकती. घराच्या खांबाला खिळ्यावर लटकवलेली असायची. आलेलं पत्र वाचून झालं की घडी करून तारेला टोचायचं. सगळ्यात जुनं पत्र तळाला, सगळ्यात नवं वर. कागदाला भोक पडतं म्हणून आम्ही या तारेला शिव्या देतो, पण पत्रं आली त्या क्रमात राहतात ती हिच्यामुळेच. आणि बहुतेक वेळा माझ्याकडे पत्रं येतात तोवर कुणी तरी ती तारेतून काढून, पिशवीत कालवून आणलेली असतात. इथं तार जशीच्या तशी होती. तेवीस पत्रं, धुरानं काळीकुट्ट.

"सर, मी लॅमिनेशन करणार होते," सुजाता म्हणाली. "झेरॉक्सवाला म्हणाला, तारेतनं काढून आणा. तर आजी म्हणाली, तारेतनं काढशील तर हात मोडीन."

त्या आजीला मी मनातल्या मनात नमस्कार केला.

आजीचं नाव सोनाबाई. राहतात शाहूवाडीत, डोंगराकडेला, वय नव्वद. पत्रं त्यांच्या थोरल्या भावाची. शिवा दुसऱ्या महायुद्धात फौजेत भरती झाला, ब्रह्मदेशच्या आघाडीवर गेला आणि तिथेच मारला गेला. वीस-एकवीस वर्षांचा होता. त्याच्या मृत्यूनंतर बऱ्याच महिन्यांनी त्याचं सामान आलं. त्यात मेणकापडात बांधलेली, घरून त्याला गेलेली पत्रं होती. तोही गठ्ठा सुजातानं आणला होता. पावसानं भिजून, वाळून त्याची वीट झाली होती.

म्हणजे दोन्ही बाजू. गेलेली पत्रं आणि आलेली पत्रं. माझ्या सगळ्या नोकरीत असं कधी हातात आलं नव्हतं. सैनिकानं घरी धाडलेली पत्रं कधी कधी सापडतात, पण घरून गेलेली पत्रं जिथं तो पडला तिथंच मातीत जातात.

"आजीला काय हवंय यातून?" मी विचारलं.

सुजातानं फोन लावून दिला. आजींचा आवाज खणखणीत होता.

"सर, आमी तवा वस्तीत ऱ्हायचो. मास्तर आमाला व्हरांड्यात बसवायचं. खिडकीतनं फळा दिसायचा, तेवढा पुरला मला. दादाचं पत्र आलं की आई शाळंच्या पायरीशी जाऊन हुबी ऱ्हायची. मास्तर पायरीवरनं वाचून दावायचं आन् उत्तरबी त्येच लिवायचं. पर एक पत्र मी लिवलं. माज्या हातानं, वहीचा कागद फाडून. नऊ वर्साची होते. दादाला घातलं. त्येच्यामागनं म्हैन्याभरात त्यो गेल्याचं कळलं. मला एवढंच पायजे, माजं आक्षर त्येनं बगितलं का? बाकी काय न्हाय."

"बघतो, आजी."

"बगा. पर लवकर बगा. माजं काय आता खरं न्हाय."

फोन ठेवला आणि मी थेट त्या विटेला भिडलो. आजींचं पत्र त्याला मिळालं असेल तर ते त्याच्या सामानात, त्या गठ्ठ्यातच असणार. तारेकडे मी नीट बघितलंसुद्धा नाही. पहिला दिवस हात लावायचा नाही हा नियम त्या उत्साहात कुठल्या कुठे गेला.

गठ्ठ्यावरची शाई दौतीची होती, पक्की. टिंबावर तपासून घेतली. झाकणाच्या डब्यात तळाला ओला टीपकागद, त्यावर जाळी आणि जाळीवर ती वीट. पाणी लागू द्यायचं नाही, फक्त दमट हवा. काही तासांनी कागद सैल पडतो, मग बांबूची पट्टी तांदळाच्या दाण्याएवढी आत सरकवायची, थांबायचं, पुन्हा डब्यात. तीन दिवस मी हेच करत होतो. बायको म्हणाली, "जेवायला उठताय की तिथंच खळ पाजू?" पहिलं पत्र सुटलं तेव्हा मी तिला ओढत आणून दाखवलं. वळणदार अक्षर, मास्तरांचं. "भात बरा आला. म्हैस व्याली. सोनी शाळेत जाते."

पाच पत्रं सुटली. पाचही मास्तरांच्या हातची. वहीचा कागद त्यात नव्हता.

मी फोन केला. आजी ऐकून घेऊन नुसतं "बरं" म्हणाल्या. मग म्हणाल्या, "वाटंत हरवलं आसंल." एवढं बोलून त्यांनीच मला विचारलं, "जेवलासा न्हवं?"

त्या "बरं"नं मला पैलवानांची आठवण झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तार टेबलावर मधोमध ठेवली, हात मागे बांधले आणि चाचांनी सांगितलं होतं तसं दिवसभर नुसतं बघत बसलो. वहीत प्रत्येक पत्राची जागा काढली, तारेचा गंज कुठल्या घडीवर किती उतरलाय ते काढलं. खिडकीतल्या उजेडात एकेका पत्राची कड भिंगाखाली बघत तळापासून वर निघालो. घडीची पत्रं, म्हणजे लिहिलेला कागदच दुमडून चिकटवलेला, वेगळं पाकीट नाही. कडेला डिंक, उघडताना फाडलेल्या कडा. एक, दोन, तीन. बावीस पत्रांच्या कडा फाटलेल्या होत्या.

तेविसाव्याच्या नव्हत्या.

भिंग पुसलं. पुन्हा बघितलं. तारेवरचं सगळ्यात वरचं, म्हणजे सगळ्यात शेवटी आलेलं पत्र तिन्ही बाजूंनी चिकटलेलं होतं. पलटणीतल्या कुणा साहेबानं चिकटवण्याआधी वाचलं असेल तर असेल, त्यानंतर ते कुणीच वाचलं नव्हतं. ऐंशी वर्षं ते तारेवर न उघडता लटकत होतं.

मी घरभर फिरलो. अंगणात जाऊन आलो. मग सुजाताला फोन केला आणि तिनं तो स्पीकरवर आजीसमोर धरला. सगळ्यात वरचं पत्र उघडलेलंच नाही, हे मी सांगितलं.

"म्हंजे आईनं फाडलं न्हाय?" आजी म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं. आपल्याकडे माणूस गेल्याचं पत्र घरात ठेवत नाहीत. वाचायचं आणि तिथंच फाडून टाकायचं. शिवा गेल्याचा सरकारी कागद आला तो चुलत्यानं फाडून ओढ्यात सोडला. त्यानंतर पंधरा दिवसांनी पोस्टमन आणखी एक पत्र देऊन गेला. गेलेल्या माणसाचं पत्र कसं येईल? वस्तीत सगळे म्हणाले, हा पुन्हा तोच सरकारी कागद असणार. आई ते घेऊन आत गेली. शाळेच्या पायरीशी ती पुन्हा कधीच गेली नाही. छोट्या सोनीनं धरून चाललं की तेही फाडलं असणार.

"तिला वळखू आलं आसंल," आजी म्हणाल्या. "वाचता येत नव्हतं, पर दादाचं आक्षर तिला दिसून ठावं हुतं."

मला एक शंका होती आणि ती मी बोलून दाखवली. आईनं ते मुद्दाम उघडलं नाही, तर आपण उघडावं का?

"सर," आजी म्हणाल्या, "कवातरी उगडायचंच म्हून ठिवलं तिनं. न्हाईतर फाडलं आसतं की. तुमी या. माज्याफुडं उगडा."

अडचण एकच होती, पण मोठी. शिवाची उघडलेली सगळी पत्रं कॉपिंग पेन्सिलची होती. आतली अक्षरंही तीच असणार. म्हणजे पाणी नाही, वाफ नाही, दमट हवासुद्धा नाही. कोरडंच उघडायचं, आणि कागद धुरानं पापडासारखा झालेला. घडीवर मोडला तर तुकडे. पैलवानांचा कोरा कागद माझ्या डोळ्यांसमोरून हलेना.

पुढच्या रविवारी मी शाहूवाडीला गेलो. तिथं काय झालं ते मी त्याच संध्याकाळी हुसेनचाचांना लिहिलं. चाचा आता मिरजेला त्यांच्या मुलीकडे, रुबिनाताईंकडे असतात. चाचांना वाचता येत नाही. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांनी वाचायची पुस्तकं बांधली. त्या मागच्या खोलीत एकदा मी त्यांना पाटीवर त्यांच्या नावातला "हु" काढून दिला होता. तो त्यांनी गिरवला, चांगला गिरवला आणि म्हणाले, "ऱ्हाऊ दे बीए, बाकीचं उद्या." नंतर मला दप्तरखान्यात काम मिळालं. मी त्यांच्याकडून सगळं घेऊन गेलो आणि उरलेली अक्षरं द्यायची राहूनच गेली. त्या पत्राची नक्कल मी ठेवली होती. ती जशी आहे तशी देतो.

हुसेनचाचांस बीएचा सलाम.

रुबिनाताई, हे मोठ्यानं वाचा, चाचांना हल्ली कमी ऐकू येतं. आणि मधे थांबू नका, ते "पुढं काय, पुढं काय" करतील.

चाचा, पत्र उघडलं. तुमच्या पट्टीनं उघडलं. दारात सकाळचं ऊन होतं, तिथं पाट मांडला. वारा नको म्हणून सुजातानं दोन्ही बाजूंना पोती उभी केली. आजी समोर बसल्या, चष्मा पुसून घातला आणि मला म्हणाल्या, "हात कापू लागल्यात तुमचं. च्या घ्या आदी." तुम्हीच बोललात असं वाटलं. मी चहा घेतला. साबणानं हात धुतले, पूर्ण वाळू दिले आणि आजींना विचारून वरचं पत्र तारेतून काढलं.

मला भीती होती डिंकाची. पण ऐंशी वर्षं चुलीच्या वर लटकून डिंक वाळून ठिसूळ झाला होता. पट्टी टेकवली आणि तो कण कण होऊन पडायला लागला. ज्या धुरानं पत्रं काळी केली त्याच धुरानं ना कसर लागू दिली, ना वाळवी, आणि शेवटी कुलूपही त्यानंच सैल केलं. एक बाजू सुटायला पाऊण तास लागला. उरलेल्या दोन पटकन सुटल्या. घडी उलगडताना मी श्वास सोडला नाही. एका कोपऱ्याचा नखाएवढा तुकडा पडला, तो कोरा होता. बाकी पान अख्खं, चाचा. आतून पांढरं. अक्षरं काल लिहिल्यासारखी.

वर आईला नमस्कार होता, तब्येत बरी आहे, काळजी नको. आणि खाली हे होतं. रुबिनाताई, हे सावकाश वाचा:

"चि. सोनीस आशीर्वाद. तुझ्या हातचे पत्र मिळाले. मी सगळ्या पलटणीला दाखवले. कोणी मानायला तयार नाही. हवालदार म्हणतात, नऊ वर्षांची पोर असे लिहीत नाही, मास्तरानेच लिहिले. मी पैज घेतली आहे. तरी पुढच्या पत्रात तुझ्या हाताने हवालदार साहेबांचे नाव लिहून पाठव. हवालदार गोविंद जाधव. बघू मग काय म्हणतात. तुझे पत्र मी खिशात ठेवतो, गठ्ठ्यात ठेवत नाही. मला सुटी आहे ती"

आणि तिथं तारेचं भोक आहे. महिन्याचं नाव गंजानं खाल्लं. पुढे फक्त "महिन्यात येतो."

मी भिंग लावलं, पान तिरकं करून बघितलं, पण तो शब्द गेला तो गेलाच. आजी म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. कुटला म्हैना हुता ते कळून तरी आता काय करायचं?" मग म्हणाल्या, "ते खिशाचं परत वाचा." मी ते चार वेळा वाचलं.

रडतील असं वाटलं होतं. रडली सुजाता. आजी सुजाताला म्हणाल्या, "डोळं पूस आन् वही आण." वही आली, पेन आलं. पाटावर वही ठेवून त्या लिहायला लागल्या. चौथीनंतर शाळा सुटलेली, जन्मभर भातलावणी केलेली बोटं. एकेक अक्षर शेतात रोप लावावं तसं दाबून. मधे एकदा थांबून म्हणाल्या, "दादानं पैज लावल्या, नीट काडाय पायजे." हवालदार गोविंद जाधव. पूर्ण ओळ झाली. खाली त्यांनी स्वतःचं नाव घातलं. सोनी.

मग तो कागद फाडला, घडी घातली आणि मला म्हणाल्या, "ह्ये बी तारंला लावा. सगळ्यात वर."

चाचा, मी कागदाला भोक पाडलं. माझ्या हातानं. जुनी पत्रं आता डब्यात आडवी राहतील, पण आजीसाठी मी नवी तार करून नेली होती, बिनगंजाची, आणि तिच्यावर आता ते एकच पत्र आहे.

येताना एसटीत तुमचा "हु" आठवत होता. तुम्ही चांगला काढला होता. बाकीचं उद्या म्हणाला होतात. उशीर झाला तो माझ्यामुळे. या पानाच्या मागच्या बाजूला मी तुमचं पूर्ण नाव मोठं काढलं आहे, त्यावर पेन फिरवा, मग खाली तुमचं तुम्ही काढा. रुबिनाताईंनी हात धरायचा नाही. घाई नाही, पण हे पान परत पाठवा. इथं बायकोला मी सांगितलंय की चाचा लिहितील. ती मानायला तयार नाही. मी पैज घेतली आहे.

आपला,
बीए